जसूच्या यात्रेत मी

१२ नोव्हेंबर १९८०, बुधवार

आज लाभपंचमी. आगाशीच्या बाजारातली गुजराती दुकानं दिवाळीनंतर आज उघडली. साखर आणायला म्हणून गेले आणि पालिताण्याची यात्रा गळ्यात घेऊन परत आले.

जसू गल्ल्यावर बसली होती. मला बघितल्याबरोबर उठली आणि हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेली. जसवंती शाह आता सगळ्या बाजाराची जसूबेन असली तरी पहिलीपासून माझ्या शेजारी बसलेली पोरगी आहे. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती ह्या किराण्याच्या दुकानात आली. माझं लग्न झालंच नाही. मी आमच्याच शाळेत बाई झाले. तिचे मिस्टर वारले त्याला दोन वर्षं होतील.

"क्लेमी, तुला शाळेला सुट्टी आहे ना? माझ्याबरोबर डोंगरावर चल."

ती म्हणते ते व्रत ऐकून माझी तर मती गुंग झाली. दोन दिवस अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, आणि त्या दोन दिवसांत पालिताण्याचा शत्रुंजय डोंगर सात वेळा पायी चढायचा. जसूला दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागते. डॉक्टरांनी नको म्हटलंय, मुलांनी नको म्हटलंय. शेवटी थोरल्या किरीटनं एक अट घातली, की विश्वासाचं माणूस बरोबर असेल तरच जायचं. सुनांना पोरंबाळं आहेत. म्हणून मी.

"हे कशाला गं, ह्या वयात?" मी विचारलं.

"लग्न झाल्यापासून स्वयंपाक केला तो दुसऱ्यांसाठी. उपास केले ते सासूबाईंनी सांगितले म्हणून. यात्रेला गेले तीसुद्धा सगळ्यांची पोरं सांभाळायला. हे एक माझं करायचंय. ह्यात कोणी वाटेकरी नाही."

मी म्हटलं, तुझ्या मिस्टरांच्या नावानं कर, त्यांच्या आत्म्याला शांती मिळेल. आम्ही चर्चमध्ये करतोच की मयतांसाठी मिस्सा. ती हसली. म्हणाली, "आम्हा जैनांत तसं होत नाही. ज्याचं त्यानंच करायचं. कोणी कोणासाठी काही करू शकत नाही."

मला ते फार एकाकी वाटलं. पण मी हो म्हटलं.

घरी प्लासिडला सांगितलं. माझा हा भाऊ पानवेलीत दिवसभर वाकलेला असतो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या चुका काढतो. "आपन किरिस्तांव. तिकडं कोनी शिवू देनार हाय का तुला?" म्हणाला. सुझानवहिनीनं त्याला गप्प केलं. माझ्या मनात कोणाच्याच धर्माबद्दल भेदभाव नाही, एवढं एक मी देवासमोर ठामपणे सांगू शकते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रबरी सपाता घेतल्या. डोंगरावर कातडं चालत नाही. पिशवी उन्हात टाकून तिला सुकटीचा वास राहिला नाही ना ते तीनदा हुंगून बघितलं. सुझानवहिनी हसून हसून बेजार झाली. शाळेच्या सहलीची जुनी वॉटरबॅग घासून घेतली. माझ्यासाठी. मला कुठलं व्रत नाही.

दुपारी जसूकडे गेले तर किरीट दारातच भेटला. बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, आई पडली, काही झालं, तर सरळ पाणी पाजायचं. व्रत गेलं खड्ड्यात. मला वचन द्या." मी दिलं. आत गेले तर जसूनं माझे दोन्ही हात धरले. "क्लेमी, काहीही होऊ दे, मी मेले तरी चालेल, पण माझ्या तोंडात पाणी घालायचं नाही. शब्द दे." मी तोही दिला.

घरी येताना वाटलं, एका दुपारी दोन उलटी वचनं देऊन बसले आहे. मग मनाची समजूत घातली की देव करो आणि दोन्ही पाळायची वेळच न येवो.

२४ नोव्हेंबर, सोमवार. पालिताणा

काल मिस्सा झाल्यावर जैन संघाच्या बसनं निघालो. अंग मोडून निघालंय. बसभर बायका स्तवनं गात होत्या, मला एक ओळ येत नव्हती, तरी टाळ्या वाजवायला मी पुढे. सगळ्या मला "टीचरबेन" म्हणतात. पंगतीत आग्रह करकरून वाढलं.

धर्मशाळेच्या गच्चीवरून डोंगर दिसतो. आपल्याकडे जीवदानीचा डोंगर बघायची सवय, पण ह्याचा माथाच निराळा. वर झाडं नाहीत, कळस आहेत. एकाला लागून एक, पांढरे, मोजता न येणारे. संध्याकाळी वरून माणसं उतरत होती, डोलीवाले उतरत होते. सूर्य मावळल्यावर तिथं कोणी राहत नाही म्हणे, पुजारीसुद्धा नाही. रात्री वर फक्त देव. हे मला फार आवडलं.

जसूनं सूर्य मावळायच्या आत शेवटचं जेवण केलं आणि शेवटचं पाणी प्यायली. पेला उपडा ठेवून माझ्याकडे बघून हसली, शाळेत पैजेला बसल्यावर हसायची तशी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मी एकदाच चढले आणि पोटऱ्या दगड झाल्या. जसू चढतेय, उतरतेय, पुन्हा चढतेय.

पण वरचं दृश्य लिहून ठेवायलाच हवं. पायऱ्यांचं शेवटचं वळण गेलं की तटाचा दरवाजा लागतो, आणि आत देवळांचं एक अख्खं गावच. गल्ल्या, चौक, ओसऱ्या, आणि घरांच्या जागी सगळी देवळं. पोपटांचे थवे ह्या कळसावरून त्या कळसावर. खाली शेत्रुंजी नदी उन्हात चमकत होती. जसूनं मला आदिनाथांच्या देवळात नेलं. सगळे त्यांना "दादा" म्हणतात, घरातल्या वडील माणसासारखे. जसू उभी राहिली आणि तिचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. कोणाचं खाजगी बोलणं चोरून ऐकल्यासारखं वाटलं. मला कधी चर्चमध्ये असं होत नाही, मी नेहमी पोरं गडबड तर करत नाहीत ना ते बघत असते.

बाहेर बायका मडक्यातलं दही विकत होत्या. मी घेतलं, आणि जसूसमोर खायला लाज वाटली म्हणून भिंतीकडे तोंड करून खाल्लं.

उद्या मी अर्ध्या वाटेवरच्या विसाव्याला बसून राहणार. जसू जाता-येता दिसेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जसूचं पारणं झालं. सातही यात्रा झाल्या. बायकांनी तिला चमच्यानं मुगाचं पाणी पाजलं, गाणी म्हटली. ती ठीक आहे.

मी ठीक नाही. आज लिहीत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. घरी

आजपासून नाताळआधीचा आगमनकाळ सुरू. आज लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

बुधवारी दुपारी जसू शेवटच्या चढणीला लागली तेव्हा तिच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. मी विसाव्यावरून उठून तिच्या मागे निघाले. बरोबरच्या बायका पुढे गेल्या होत्या. एका वळणावर ती कठड्याला टेकली, मग बसली, मग आडवी झाली. "जसू, जसू" म्हणून मी गाल थोपटले. डोळे वर गेले होते. नाडी बघितली, लागेना. मला नाडी नीट बघता येत नाही, पण तेव्हा ते सुचलं नाही. मला वाटलं, संपलं.

माझ्या खांद्याला पाणी होतं. किरीटला दिलेलं वचन आठवलं, जसूला दिलेला शब्द आठवला. वॉटरबॅगचं झाकण उघडलं आणि हात तिच्या तोंडाशी नेऊन थांबवला. इथपर्यंत मी कोणालाही सांगू शकेन.

मग मी ते पाणी तिच्या कपाळावर ओतलं आणि म्हटलं, "जसवंती, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते."

दर वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना हा धडा शिकवते. माणूस मरणाच्या दारात असेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, साधं पाणी चालतं. मुलांकडून तोंडपाठ करून घेते. ते वाक्य माझ्या तोंडून असं आलं, जसं ठेच लागल्यावर "आई गं" येतं.

आमच्या आईचं एक मूल बाप्तिस्म्याआधी गेलं. त्या काळी त्याला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही, कुंपणाबाहेर पुरलं. आई मरेपर्यंत त्या बाजूनं चालली नाही. माझ्या डोक्यात तेव्हा तेवढंच होतं. जसू कुंपणाबाहेर राहायला नको.

पाणी कपाळावरून नाकाच्या बाजूनं ओघळलं आणि ओठांवर आलं. जसूची जीभ बाहेर आली आणि तिनं ते चाटून घेतलं. मी बघितलं.

तेवढ्यात वरून दोन बायका धावत आल्या. त्यांनी तिचे पाय उचलून मांडीवर घेतले, पदरानं वारा घातला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. पहिला प्रश्न मला. "क्लेमी, पाणी दिलंस?"

"नाही."

"मग मी ओली कशानं?"

"ओल्या हातानं तोंड पुसलं तुझं."

ती उठली. भिंत धरून, बसत बसत, पण पायी वर गेली. मी मागे मागे गेले. त्या बायकांनी माझी पाठ थोपटली.

आणखी एक लिहायचं राहिलं. ती डोळे उघडायच्या आधी, मी तिच्या शेजारी वाऱ्यात बसलेली असताना मला आनंद झाला होता. वाटलं होतं, आता जसू आमची.

७ डिसेंबर, रविवार

जसू दुकानात बसायला लागली. रंग परत आला. मला बघून गल्ल्यावरून हात हलवते.

माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. बाप्तिस्मा दिला तो दिला, तो पुसता येत नाही, हेही मीच पोरांना शिकवते. मग जसू आता ख्रिस्ती झाली का? ती देरासरला, त्यांच्या देवळात, जाते तेव्हा पाप कोणाला, तिला की मला? आज कम्युनियनच्या वेळी मी बाकावरच बसून राहिले. सुझानवहिनीनं पोटात दुखतंय का विचारलं. हो म्हटलं.

१४ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

यात्रेतली गोष्ट बाजारभर झाली होती, ती ऐकून आमच्या फादर सिप्रियननी सकाळी प्रवचनात माझं कौतुक केलं. आगमनकाळात आपण शेजाऱ्याचा विचार करावा, वगैरे, आणि मग, "आपल्यातल्या एका शिक्षिकेनं जैन मैत्रिणीच्या व्रताचा मान राखला, तिच्या श्रद्धेला धक्का लागू दिला नाही." सगळं चर्च वळून माझ्याकडे बघत होतं. प्लासिडनं मान ताठ केली. तो आता पानवेलीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "आमच्या बायनं जसूबेनचं वरत राखलं."

दुपारी जैनांच्या उपाश्रयात जसूचा सत्कार. बाजारातून वाजतगाजत मिरवणूक आली, जसू उघड्या गाडीत, जरीच्या साडीत अवघडून बसलेली. तिला हार घातला. मग मला वर बोलावलं. शाल, नारळ. एक म्हातारे शेठ बोलायला उठले. "बेन तहानेनं पडल्या, टीचरबेनच्या खांद्याला पाणी होतं, पण आपल्या बहिणीचं व्रत त्यांनी स्वतःच्या धर्मासारखं सांभाळलं." टाळ्या काही थांबेनात. एका बाईनं माझ्या कपाळावर कुंकवाचा टिळा लावला. लावण्याआधी तिनं मला विचारलं, "चालेल ना तुम्हाला?"

मला विचारलं तिनं.

मी मान हलवली. जसू समोर बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, मांडीवरच्या हाराकडे बघत होती. थकली असेल. एवढ्या माणसांत बसायची तिला सवय नाही.

शाल ट्रंकेत तळाशी घातली.

२० डिसेंबर, शनिवार

नाताळच्या आधीचं पापनिवेदन. जाळीच्या पलीकडे फादर सिप्रियन आहेत हे माहीत होतं, तरी रांग सोडली नाही. सगळं सांगितलं.

फादर म्हणाले, "तिनं कधी म्हटलं होतं का, मला ख्रिस्ती व्हायचंय म्हणून?"

"नाही, फादर."

"मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा त्याच्या इच्छेशिवाय होत नाही, क्लेमेंटीन. तान्ह्या मुलाची गोष्ट वेगळी. तिला काही झालेलं नाही. तू तिला फक्त भिजवलंस."

म्हणजे मी इतकी वर्षं धडा अर्धाच शिकवत होते. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट अंगावर काटा आला. बाप्तिस्मा झाला असता तर निदान त्या कामाला काही अर्थ होता. आता नुसतं एवढंच उरलं, की मैत्रीण मरतेय असं दिसलं आणि मी तिचं मरण माझ्या नावावर करून घ्यायला धावले.

फादरनी प्रायश्चित्त म्हणून रोझरीची माळ म्हणायला सांगितली. मग हळू आवाजात, "हे मी प्रायश्चित्त म्हणून सांगत नाही. पण माफी माझ्याकडे मागून भागणार नाही. तिला सांग." आणि थोड्या वेळानं, "प्रवचनात मी तुझं कौतुक केलं. मी आधी विचारायला हवं होतं." ते बिचारे माझ्यापेक्षा जास्त ओशाळले होते.

मला त्यांचा रागच आला. क्षमा मिळाली ना? मग आणखी कशाला?

२६ डिसेंबर, शुक्रवार

जसू काल दरवर्षीसारखी आली, सूर्य मावळायच्या आत. तिच्यासाठी मी नारळाच्या वड्या अंड्याची भांडी काढायच्या आधी वेगळ्या करून ठेवते. दोन खाल्ल्या. नाताळच्या गोठ्यातल्या बाळ येशूला बघून म्हणाली, "यंदा गवत छान टाकलंय गं." निघताना फाटकाशी थांबली. "क्लेमी, तुला काही बोलायचंय का? यात्रेवरून आल्यापासून तू मला टाळतेस."

"शाळेचं काम असतं," मी म्हटलं.

ती उभी राहिली जरा वेळ. तिलाही काही बोलायचं असावं असं वाटलं. मग गेली.

११ जानेवारी १९८१, रविवार

सांगितलं.

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा गेले. जसू स्वयंपाकघरात माठावर गळणं धरून पाणी गाळत होती. त्यांच्यात पाण्यातल्या जिवांनाही जपतात, गाळल्यावर ते फडकंसुद्धा हलक्या हातानं धुतात. म्हटलं, हिचं काम होऊ दे. मग म्हटलं, नाही, काम होईपर्यंत थांबले तर पळून जाईन. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाप्तिस्म्याच्या वाक्यासकट. अर्थासकट.

तिनं घागर खाली ठेवली.

"मी मेले असते तर काय झालं असतं?"

"तर तू देवाकडे गेली असतीस. असं मला वाटलं."

"आणि तू ते म्हटलं नसतंस तर?"

मी माठाकडे बघायला लागले.

"सांग ना. तुझ्या पोरांना शिकवतेस ना? मी पहिलीपासून तुझ्या शेजारी बसलेली. तुझी आई गेली तेव्हा तुझ्या घरी तीन दिवस होते. मी कोणाचं वाईट केलं नाही, मुंगीवर पाय देत नाही. मी आहे तशी तुझ्या देवाला चालले नसते?"

"जसू, मी घाबरले होते गं."

"मी पण घाबरले होते. पण मी तुझ्यावर काही ओतलं नाही."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. जवळ आली नाही. मग पाठमोरी होऊन पुन्हा फडकं हातात घेऊन म्हणाली, "पाणी तोंडात गेलं होतं. मला माहीत आहे. मला गोड लागलं ते. जीभ मीच बाहेर काढली. शुद्धीवर आल्यावर तुला विचारलं, तू नाही म्हणालीस, आणि मी ते घट्ट धरून बसले. वाटलं, क्लेमी खोटं बोलत नाही, तेव्हा मलाच भास झाला असेल. हार घालून घेतला. मिरवणुकीत बसले."

"तू बेशुद्ध होतीस. तुझा काय दोष?"

"माझा दोष कुठला ते तू ठरवू नकोस. एवढं तरी माझं माझ्याकडे राहू दे. जा आता."

मी आले. वाटेत ओळखीचं कोण कोण भेटलं, काही आठवत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

बाजारात एकच चर्चा. जसूनं संघासमोर उभं राहून सांगितलं की व्रत मोडलं, पाणी तोंडात गेलं आणि ते तिनं स्वतःच्या जिभेनं घेतलं. साध्वीजी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, नकळत गेलं तर व्रत मोडत नाही. शेठही तेच म्हणाले. ही म्हणाली, नकळत नव्हतं. सत्कारात मिळालेलं सगळं परत केलं.

माझं नाव तिनं घेतलं नाही. पाणी कुठून आलं विचारल्यावर म्हणाली, डोक्यावरून ओघळलं. सगळ्यांनी धरलं की टीचरबेननं डोकं थंड केलं असेल. किरीट शाळेत येऊन गेला. "मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही चांगल्यासाठीच केलं." मी त्याला चहा पाजला. त्याला खरं सांगायला तोंड उघडलं आणि साखर किती विचारलं.

तिनं बाप्तिस्म्याचं सांगितलं तर बाजारात आणि आमच्या वाडीत काय आग लागेल, हे तिला कळतं. म्हणून तिनं सगळं स्वतःवर घेतलं. आणि मी तिला घेऊ दिलं. आजही देते आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

जसू आज फाटकाशी आली. आत आली नाही. पुन्हा पालिताण्याला निघाली आहे, तेच व्रत, पहिल्यापासून. मुलांशी भांडून. बरोबर कोणी नाही.

"मी येऊ?" मी विचारलं. विचारायचा हक्क नव्हता, तरी.

"नको."

मी सांभाळून जा वगैरे म्हणायला लागले. तिनं हात वर केला. "एक सांगायला आलेय. ह्या वेळी मी परत आले नाही, तर माझ्यासाठी तुझ्या देवाकडे काही मागायचं नाही. मी असताना नाही, मी गेल्यावर नाही. मिस्सा नाही, मेणबत्ती नाही. हे तुला जमेल?"

रागानं नाही म्हणाली. पोरीला दुकान सांभाळायला सांगावं तशी म्हणाली.

"जमेल," मी म्हटलं.

ती मान हलवून वळली. तिची पिशवी हलकी दिसत होती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जसूच्या व्रताचा पहिला दिवस. दिवसभर वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते. "नमो मरिये" आपोआप ओठांवर यायचं, मी पाढे म्हणायची. पोरांना गंमत वाटली, बाई एकट्याच पाढे म्हणतात. कोणासाठी काही न मागणं एवढं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, प्रार्थना म्हणजे आपण देतो ते.

संध्याकाळी देवघराच्या फळीसमोर आम्ही तिघं गुडघ्यावर बसलो, रोजच्यासारखी रोझरी. मंगळवार म्हणून दुःखाची पाच रहस्यं, ख्रिस्ताच्या यातनांची. चार झाली. प्लासिड प्रत्येक रहस्य कोणासाठी तरी म्हणतो, आजारी माणसासाठी, वेलीसाठी, मयतांसाठी. पाचव्याला तो म्हणाला, "हे जसूबेनसाठी म्हनूया. एकटी गेलीय डोंगरावर."

"नको," मी म्हटलं.

"का?"

"तिनं नको म्हटलंय."

"आता देवाजवल कोनासाठी मागायला बी परवानगी लागते का?" तो हसला आणि माळ पुढे सरकवली. सुझानवहिनीनं "नमो मरिये" म्हणायला तोंड उघडलं.

तेव्हा मी सांगितलं. गुडघ्यावर बसूनच. वॉटरबॅग, कपाळ, ते बाप्तिस्म्याचं वाक्य, चाटलेलं पाणी, माझं "नाही", शाल, सत्कार, आणि जसूनं संघासमोर काय लपवलं ते. प्लासिडनं ज्याला ज्याला माझं कौतुक सांगितलं होतं ती सगळी माणसं त्याच्या तोंडासमोरून गेली असतील. त्याचा चेहरा मी बघितला आणि मग बघवला नाही.

सुझानवहिनीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मग काढून घेतला.

"तिला विचारलं पन नाय?" प्लासिड म्हणाला.

"नाही."

"आनि मी सगल्या गावाला सांगत फिरलो."

"हो."

तो जाईल उठून असं वाटलं. तो उठला नाही. अंगठ्याखाली माळेचा तोच मणी धरून बसला. मग घसा साफ करून, माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "मग हे पाचवं कोनासाठी म्हनू?"

"माझ्यासाठी म्हण," मी म्हटलं.

त्यानं सुरुवात केली. सुझानवहिनी उत्तर देत होती. मी गप्प बसून ऐकलं.